तीन नारळांतली कानबाई

"मॅडम, तुमच्या मालिकेत विनोद झाला की मागून हसण्याचा आवाज येतो ना, ती माणसं विनोद कळून हसतात, की हसायचं आधीच सांगून ठेवलेलं असतं?"

प्रश्न माईकवरून गेला आणि सुरतेतल्या उधन्याच्या त्या मराठी शाळेचा अख्खा हॉल हसून फुटला. तिसऱ्या रांगेत शर्वरी ओढणी तोंडात कोंबून बसली होती. पैज तिचीच, मैत्रिणीशी लावलेली. "विचार ने! हिंमत छे?" असं तिने सकाळपासून दहा वेळा डिवचलं होतं. आणि नववीतल्या अमृता पंडित वाघ हिला यंदा नवीनच पंख फुटले होते. वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून ती माईक दिसला की पुढेच सरकायची. मुख्याध्यापकांनी तेवढे डोळे वटारले.

स्नेहसंमेलनाच्या पाहुण्या म्हणजे शैलजाताई, 'पाच भाऊ, एक फ्रीज' या विनोदी मालिकेच्या लेखिका. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबाची ती मालिका. शूटिंगसाठी त्यांची सगळी मंडळी पंधरा दिवस सुरतेत येऊन राहिली होती. ताई रागावल्या नाहीत. उलट खुर्चीतून पुढे झुकल्या.

"अगं, ती माणसं आमची मालिका बघतसुद्धा नाहीत. त्यांना हसून पंधरा वर्षं झाली असतील. ते हसू भरून ठेवलेलं असतं, लोणच्यासारखं. लागेल तेवढं काढायचं."

"मग चांगला विनोद झाला हे तुम्हाला कळतं कसं?" हा प्रश्न पैजेत नव्हता. आपोआप निघाला.

शैलजाताईंनी तिला जवळ बोलावलं. घरी काय बोलता विचारलं. अहिराणी म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले. आमचे पाचही भाऊ पुण्याची अहिराणी बोलतात, येशील का सुधारायला, म्हणाल्या.

अशी अमृता मालिकेत गेली. शाळा सुटली की रिक्षाने पलसाण्याच्या अलीकडे, जिथे त्यांनी एक रो-हाऊस भाड्याने घेतलं होतं. पप्पा कामाला होते ती कापड रंगवायची डाइंग मिल त्याच रस्त्यावर, त्यामुळे येताना त्यांच्याबरोबर. कामं साधीच. संवादातलं 'मला' काढून 'माले' घालायचं, 'कुठे' काढून 'कथा'. पण चार दिवसांत तिचं तोंड सुटलं. पाचव्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "ताई, कानबाईचा सीन करा ना. धाकटा भाऊ चटणीला नारळ शोधत असतो. फ्रीजमध्ये सापडत नाही. मग तो कानबाईचाच नारळ उचलतो, नथीसकट, आणि फोडतो!"

सगळे इतके हसले की दिग्दर्शक अमितसरांच्या नाकातून चहा आला. हे हसू डबीतलं नव्हतं. अमृताला आपण जमिनीपासून वीतभर वर आहोत असं वाटलं.

"सीन तुझा," शैलजाताई म्हणाल्या. "नीट झाला तर त्या भागाच्या पाटीवर तुझं नाव टाकते. प्रसंग-कल्पना, अमृता वाघ."

त्या रात्री तिने वहीच्या शेवटच्या पानावर ते चाळीसेक वेळा लिहून पाहिलं.

आता कानबाई म्हणजे काय, हे शैलजाताईंना सांगावं लागलं. खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी ती घरी बसवतात. नारळालाच डोळे लावायचे, नथ घालायची, दागिने चढवायचे, की तो नारळ राहत नाही, देवी होते. रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. हे सगळं हुबेहूब करायचं तर करणारी बाईही हुबेहूब हवी. अमृताने मम्मीचं नाव सुचवलं. वर्षाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. त्यांच्यासारखी बोटं अख्ख्या चाळीत कोणाची नव्हती.

"नारळाला नथ घालायची ना फक्त?" मम्मीने विचारलं. "पौषात कानबाई? लोक काय म्हनतीन?"

"खरी थोडीच आहे, मम्मी. टीव्हीची आहे."

"मंग ठीक."

नारळ पुढे फुटणार आहे, हे अमृता बोलली नाही. विसरली असं नाही. सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिली. शेवटी तिने स्वतःला पटवून दिलं की विनोद आधी सांगितला तर त्यातली मजा जाते.

शूटिंगच्या दिवशी मम्मीबरोबर चाळीतल्या सहा बायका आल्या, गाणी म्हणणारी गर्दी म्हणून. सगळ्यांनी नऊवारी नेसलेली. पुढे धुरपदाबाई. वय सत्तर आणि आवाज लाउडस्पीकरचा. चाळीतलं कुठलंही कार्य त्यांच्या 'हां' शिवाय होत नसे.

सेटवर सामान सांभाळणाऱ्या गोपालने तीन नारळ आणून ठेवले.

"तीन कशाला?" मम्मीने विचारलं.

"शूटिंगमध्ये असंच असतं," अमृता घाईने म्हणाली. "एका वस्तूच्या तीन ठेवतात."

मम्मी मांडी घालून बसली. काजळाने डोळे काढले, टिकल्यांच्या भुवया केल्या, नथ टोचली, गजरा गुंडाळला. बघता बघता नारळ बघायला लागला! अमृताच्या अंगावर काटा आला, खरंच. आणि मग घोटाळा झाला. नथ नीट बसल्याबरोबर मम्मीचा हात सवयीने कुंकवाच्या करंड्याकडे गेला. हळद लावली, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, डोळे मिटून हात जोडले. धुरपदाबाईंनी सवयीने गाणं उचललं, बायकांनी सवयीने ओढलं. दोन मिनिटं तो सेट नव्हताच. दिवेवाला पोरगासुद्धा शिडीवरून चपला काढून उतरला.

मग मम्मीने बाकीचे दोन नारळ सजवले. ते मात्र नुसते, बोलत बोलत. हळदकुंकू नाही, काही नाही.

जेवणं झाली. इथे गोपालचं काम आड आलं. त्याच्या धंद्यात एका वस्तूच्या तीन प्रती म्हणजे तिन्ही अगदी सारख्या दिसायला हव्यात, नाहीतर एका शॉटमध्ये कुंकू असतं आणि पुढच्यात नसतं, आणि प्रेक्षक चॅनलला पत्रं लिहितात. त्याने मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला आणि उरलेल्या दोघींनाही तंतोतंत तसंच कुंकू लावलं. बोट बोटभर हळद. मग तिन्ही एका टोपलीत घालून दिव्यांखाली प्रकाश तपासायला फिरवल्या.

तालमीला धाकट्या भावाने चौरंगावरचा नारळ उचलला आणि ओट्यावर कोयता वर केला.

"थांब रे!"

मम्मी ओरडली होती. मम्मी, जी रिक्षावाल्याशीसुद्धा हळू बोलते!

"काय झालं?" अमितसरांनी विचारलं. "काकू, नारळच आहे."

"हाई नारय नही. हाई कानबाई शे."

सगळे अमृताकडे वळले. भाषा सुधारायचं काम तिचं होतं ना. तिने मराठीत सांगितलं की मम्मीच्या हातून पूजा झाली आहे आणि आता ती देवी आहे. अमितसरांनी कपाळावर हात मारला, मग शहाण्यासारखं म्हणाले, "काही हरकत नाही. पूजा एकाचीच झाली ना? तो बाजूला ठेवू. बाकीचे दोन फोडू."

धुरपदाबाईंनी विचार केला आणि मान हलवली. हे चालण्यासारखं होतं. नारळ फोडायला देवाची ना नसते.

"गोपाल, पूजेचा कुठला?"

गोपालने नटाच्या हातातला नारळ परत टोपलीत ठेवला आणि पाहिलं. तीन कपाळं, तीन कुंकवं, तीन नथी. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

मम्मी पुढे आली. एकेक उचलून कानाशी हलवला, शेंडी बघितली, परत ठेवला. दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. तिन्ही तिच्याच हातच्या, तिन्हींचे डोळे तिच्याकडे रोखलेले. तिला कळेना. धुरपदाबाई म्हणाल्या, बठाडी ते बठाडी, एकदा बसवली म्हणजे बसवली, आता वाजतगाजत धाडावी लागेल, आणि कोणती ते कळत नसेल तर तिघींना धाडा. अमितसर म्हणाले, सहाला ऊन जातं, आता पाच वाजलेत. शैलजाताई अमृताकडे बघत होत्या.

"अमृता," मम्मी वळली, "तू ते तठेच व्हती ना. तुन्हा डोया तरना शेत. सांग, कोनती?"

दोन्ही बाजू आता या तरुण डोळ्यांच्या साक्षीदाराकडे बघत होत्या. तिला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. दुपारी ती जेवताना धाकट्या भावाच्या नटाबरोबर सेल्फी काढत होती. नाही माहीत म्हटलं असतं तर तिन्ही नारळ तापीला गेले असते, सीन गेला असता आणि ती पाटीही.

"ही," तिने मधला दाखवला. एकदम ठाम, वक्तृत्वाच्या आवाजात.

मम्मीने एकही प्रश्न विचारला नाही. मधला नारळ पदरात घेतला, छातीशी धरला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

पहिला नारळ फुटला तेव्हा नटाचा संवाद चुकला. दुसरा फुटला तेव्हा सगळं जमलं. नथ उडून फ्रीजवर आपटली, ते तर कोणी लिहिलंच नव्हतं. सगळं युनिट हसलं. अमृताही हसली, पोट धरून. कोपऱ्यातल्या मम्मीकडे मात्र ती बघत नव्हती.

मग एका टेम्पोत बसून सगळ्या बायका तापीवर गेल्या. गोपालने प्रायश्चित्त म्हणून ढोलकी वाजवली. पौषात कानबाई चालली बघून पुलावरचे लोक थांबले. मम्मीने नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि "चला, सुखरूप पोचली" म्हणून चेहरा असा हलका केला, जसा शेवटची साडी हातावेगळी झाल्यावर करते.

पुढचा महिना अमृताने कसा काढला ते तिलाच माहीत. शाळेत सरांनी संभाव्यता शिकवायला घेतली. पेटीत तीन चेंडू, त्यांतला एक लाल. लाल चेंडू न निघण्याची शक्यता? दोन तृतीयांश. वर्गात सगळ्यांत आधी तिचं उत्तर आलं आणि सगळ्यांत वाईट तिलाच वाटलं. तिने शर्वरीला सांगून पाहिलं. शर्वरी म्हणाली, "छोड ने यार, नारळच तर होता." ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट तिला शर्वरीचा रागच आला. नारळच असेल तर मग पाण्यात सोडली ती कोण? आणि देवी असेल तर आपल्या हातापायाला अजून काही झालं कसं नाही? पौषातली चालते का मुळात? कोणाला विचारावं, तर जिला विचारायचं तिलाच तर फसवलं होतं.

फेब्रुवारीत तो भाग लागला. पप्पा मिलमधून लवकर आले, अंगाला अजून रंगाचा वास. मम्मीने साडीवरची टिकल्यांची चिमटी खाली ठेवली. आधी पाटी आली. प्रसंग-कल्पना, अमृता वाघ. पप्पा उठून टीव्हीच्या इतके जवळ गेले की कोणालाच काही दिसेना.

"पंडित वाघनी पोर!" ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ओरडून म्हणाले.

मग सीन आला. कोयता वर गेला, नारळ फुटला, नथ उडाली, आणि मम्मी हसली. अमृता बघतच राहिली. मम्मी भिंतीला टेकून, पदर डोळ्यांना लावून हसत होती. "व माय, कसा गधडा पोऱ्या! देव का नारय, वयखू येत नही का याले!"

"मम्मी, तुला राग नाही आला?"

"राग काब्र? आपली ते पोचनी ना बिचारी. हाई ते नुसता नारय." आणि पुन्हा हसू.

अमृताला तो महिनाभरचा गुंता एका जागी घट्ट होताना जाणवला. हे हसू डबीतलं नव्हतं, पैज लावून काढलेलं नव्हतं. तिने लिहिलेल्या गोष्टीवर तिची आई हसत होती. आणि ते सगळं तिच्या एका 'ही' वर उभं होतं. गप्प राहिलं तर मम्मी कायम हसत राहील. मग बोलायचं कशाला? तिला अजूनही कळत नव्हतं. पण तोंड उघडलं गेलं.

"मम्मी, मला माहीत नव्हतं कोणती होती. मी अशीच मधली दाखवली. सीन व्हावा म्हणून. आणि नारळ फुटणार हेसुद्धा तुला मुद्दाम नव्हतं सांगितलं."

टीव्हीवरचं हसू चालूच होतं. पप्पांनी रिमोटने आवाज बंद केला. मम्मीचा पदर डोळ्यांजवळच राहिला, पण हात हलायचा थांबला.

"म्हंजे... फुटनी ती?"

"माहीत नाही. कदाचित. तीनातून दोनदा हो."

"तीनातून दोनदा म्हंजे काय?" मम्मीने पप्पांना विचारलं. पप्पांनी तीन बोटं वर केली आणि त्यांतली दोन मिटली. मम्मीने चिमटी उचलली, एक टिकली लावली, ती वाकडी लागली, काढली.

"धुरपदाबाईले सांगनं पडी," ती शेवटी म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. कशाचा होता, ते अमृताला कळलं नाही.

"मी सांगेन. मी स्वतः जाईन उद्या." अमृता उठून उभी राहिली. उभं राहिल्याशिवाय तिला हे बोलता येणार नव्हतं. "आणि ऐका दोघंही. मी मालिकेत लिहिणं सोडणार नाही. शैलजाताईंनी पुढचे दोन सीन मागितलेत, ते मी देणार. पण पाठवण्याआधी प्रत्येक सीन तुला वाचून दाखवणार मम्मी, शेवटासकट. तू नाही म्हणालीस तर मी भांडेन, रडेनसुद्धा, पण तुला न सांगता पाठवणार नाही. ठरलं माझं."