त्रास किती? शून्य!

मी काल्बू. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव आहे, तिथं एकोणीस वर्षं मी नर्स आहे. माझ्या तिखट जिभेला सगळी पंचक्रोशी वचकून असते. आणि जिथं ती चालवायला हवी होती, नेमकी तिथंच मी मूग गिळून बसले.

वसंतात राजधानीहून डॉक्टर एल्दियार आला. पोरगेलासाच, पण कामाचा पक्का. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांना वॉकर दिला तर घरच्यांचा भार किती हलका होतो, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. आमच्या गावाला तीन वॉकर मिळाले. मोठ्या मुलांचा पांगुळगाडाच तो, फक्त लोखंडी, कमरेला पट्टा असलेला. आधी एक फॉर्म भरायचा, सहा महिन्यांनी पुन्हा तोच. आयांना प्रश्न मी विचारायचे, आकडा मी लिहायचा, खाली सही माझी. त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर चार.

त्यातला एक उलजानच्या लेकीला, बुरुलला मिळाला. ती तेव्हा सात वर्षांची. जन्मताना श्वास कोंडला होता, तेव्हापासून पाय कातरीसारखे एकमेकांवर चढायचे. डोकं मात्र लख्ख, आणि जीभ थेट माझ्यावर गेलेली.

मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा डॉक्टरही बरोबर होता. उलजाननं जेवणाचं कापड, दस्तरखान अंथरला, तळलेले गरम बोर्सोक मांडले, साय वाढली.

"बुरुलला उचलून न्यावं लागतं, त्याचा तुला किती त्रास होतो?" मी विचारलं.

"शुकूर, देवाची कृपा," ती चहा ओतत म्हणाली. "काही त्रास नाही. माझंच लेकरू, मला कसलं जड?"

दुसरं काय म्हणणार होती ती? आमच्याकडे पाहुण्यापुढे रडगाणं गात नाहीत. आणि पोटच्या पोराला ओझं म्हणणाऱ्या आईच्या तोंडाकडे कोण बघेल? पण मला तर ठाऊक होतं! दर आठवड्याला पाठदुखीचं इंजेक्शन घ्यायला ती माझ्याकडेच यायची. लोकरीची शाल कमरेला करकचून बांधल्याशिवाय तिला खाली वाकता येत नव्हतं. तरी मी शून्य लिहिलं. प्रत्येक प्रश्नापुढे शून्य, बाकी दोघी आयांच्या फॉर्मवरही तेच. शहरातल्या माणसापुढे आमच्या बायका रडक्या दिसायला नकोत, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटलं मला. जळलं मेलं माझं शहाणपण!

बुरुल पहिल्या दिवशी चार पावलं चालली आणि घामानं निथळली. उन्हाळ्यात ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागली, मग शाळेच्या दारापर्यंत.

"काल्बू एजे, बाजूला व्हा, नाहीतर पायावरून नेईन!" ती लांबूनच ओरडायची. थोरल्या बाईला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई म्हणतात.

"ने की भवाने! मग तुला सुई टोचायला कोण येतंय बघते."

उलजान इंजेक्शनला येईनाशी झाली. आजारी पडली की काय म्हणून बघायला गेले, तर बाई उन्हात पायरीवर नुसती बसली होती.

"एजे, हात रिकामे आहेत हो," ती हसून म्हणाली. "काय करायचं तेच सुचत नाही."

एवढं डोळ्यांनी बघून शरदात मी दुसरा फॉर्म भरला. ती म्हणाली शुकूर, मी लिहिलं शून्य.

महिन्याभरानं एल्दियारचा फोन आला. "एजे, तुमच्या गावात वॉकरचा काहीच उपयोग झालेला नाही."

"डोळे फुटले का रे तुझे? पोरगी शाळेत चालत जाते!"

"कागदावर आईचा त्रास आधी शून्य, नंतरही शून्य. दुसऱ्या गावांत चारचा एक झालाय. वॉकर थोडे आहेत, एजे. जिथं फरक पडतो तिथं ते हलवायचं वरून ठरलंय."

तो वॉकर न्यायला आला तेव्हा मी उलजानच्या अंगणात त्याला सगळं सांगितलं. इंजेक्शनं, शाल, सगळं. त्यानं डोकं धरलं.

"मग लिहिलं का नाहीत? सही तुमची आहे. आता आकडे बदलले तर तुमच्या हातचे सगळेच कागद बाद होतील." मग तो उलजानकडे वळला. "एजे, तुम्ही स्वतः सांगा. मी वर भांडतो. लेकीला उचलणं जड जातं का?"

मी तिला कोपरानं ढोसलं. बोल गं बाई, एकदाच बोल! तिनं बुरुलकडे पाहिलं. पोरगी वॉकर धरून उभी होती, कान टवकारून ऐकत होती.

"जड? माझी बुरुल?" उलजान म्हणाली. "शुकूर, पाहुणे. आत चला, चहा घ्या."

बुरुलनं मुठी सोडल्या नाहीत. "मी हळू चालवीन," ती डॉक्टरला म्हणाली, "चाकं झिजवणार नाही." आईनंच तिचं एकेक बोट सोडवलं आणि तिला खाली सतरंजीवर बसवलं. डॉक्टर चहाला थांबला नाही. त्याला तोंड वर करून बघवेना.

जीप गेल्यावर मी म्हटलं, "अगं, एक शब्द बोलली असतीस तर!"

ती माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"तिच्या तोंडावर तिला ओझं म्हणू? मी आई आहे, एजे. मी नाहीच म्हणणार. मेले तरी नाहीच म्हणणार. तुम्ही तर नर्स आहात. माझी पाठ तुम्ही बघितली होतीत. पेन तुमच्या हातात होतं."

 मी बुरुलला उचलायला वाकले.

"राहू द्या," उलजान म्हणाली.

तिनं लेकीला पाठीवर घेतलं. उठताना तिचा तोल गेला, भिंतीला हात लावून ती सावरली आणि आत गेली. आमच्याकडे अंगणात आलेल्या वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत. उलजाननं दार आतून लावून घेतलं.