मंतरलेली जाकिटं

बचाव पथकाच्या धक्क्यावर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंचक्रोशीत गाजलेल्या एका महाराजांनी आमच्या जीवरक्षक जाकिटांतलं एक पाण्यात टाकलं. गेलं दगडासारखं तळाला! मग दुसऱ्यावर फुंकर मारली, त्याला लोखंडी वजन बांधलं आणि फेकलं. ते ऐटीत तरंगलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जलदेवतेशी माझं थेट बोलणं आहे," महाराज गरजले. "सगळी जाकिटं मंतरलीत. आता टाकीत चाचणी घ्यायची नाही. शंका घेतली की शक्ती गेली!"

"झकास! यायला फुंकर, जायला शंका," मी पुटपुटलो.

"तोंड आवर," पथकप्रमुख दादा खेकसले. मला पोहायला शिकवलं ते दादांनी. त्यांचा शब्द मी कधी ओलांडला नव्हता. दर महिन्याला आम्ही प्रत्येक जाकिटाला वजन बांधून दिवसभर टाकीत सोडायचो; अलीकडे त्यात एकेक जाकीट बुडायला लागलं होतं. ते बंद पडलं. मीही गप्प बसलो.

तीन महिन्यांनी नदी फुगली. पलीकडच्या वस्तीतली माणसं छपरांवर चढली. आम्ही निघणार, तोच जाकिटांचे पट्टे शिवणारी मावशी धावत आली.

"थांबा मेल्यांनो! ते बुडालेलं जाकीट भंगारात होतं. बकल काढायला उसवलं, तर आत वाळूच्या पिशव्या!"

"शिवण कुणाची?"

"माझी नव्हे. ही जाळ्याची गाठ आहे."

जाळ्याची गाठ पथकात दोघांनाच येते. दादांना, आणि त्यांनी शिकवली म्हणून मला. मी दादांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

"आणि तरंगलेलं?"

"ते नवं. नमुन्याचं एकच आलं होतं," मावशी म्हणाली. "ते बघ, दादांच्याच अंगावर आहे."

मी माझं जाकीट काढलं, वजन बांधून टाकीत सोडलं. बुडबुडे आले आणि ते तळाला बसलं. शेजाऱ्याचंही तसंच. आतला फोम जुना होऊन केव्हाच कुजला होता.

"वरून नवी जाकिटं देत नव्हते रे," दादा म्हणाले. "तुम्ही पाण्यात उतरायला कचरत होतात. म्हटलं, निदान धीर तरी द्यावा."

"धीर आम्हाला आणि नवा फोम तुम्हाला?"

दादांनी जाकीट काढून दिलं. ते आम्ही होडी हाकणाऱ्याला चढवलं. आम्ही बाकीच्यांनी घट्ट झाकणांचे रिकामे कॅन छातीला बांधले आणि पाण्यात उतरलो. छपरांवरची सगळी माणसं काठाला आणली. कॅनवर कुणी फुंकर मारली नव्हती. आत हवा होती, पाणी शिरत नव्हतं, म्हणून ते तरंगले. महाराज मात्र आदल्या दिवशीच टेकडीवर राहायला गेले होते. देवतेनं कळवलं असावं.

बाबांनो, जो 'तपासू नका' म्हणतो, त्याचंच आधी तपासा. आणि तसं म्हणणारा आपला माणूस असेल, तर दोनदा तपासा. परक्याच्या थापेला आपण हसतो तरी; आपल्या माणसाची थाप आपण अंगात घालून पाण्यात उतरतो.