इंदूअक्काच्या हातांवरची निळाई

चैत्रातलं ऊन कलतीला लागलं की कांदा साठवायच्या बराखीजवळ गुलाबी टरफलं वाऱ्यावर उडू लागायची. पसरलेल्या गोणपाटावर मांडी घालून इंदूअक्का बसलेली असायची. केसांत, भुवयांत, पदराच्या चुणीत ती पातळ टरफलं अडकलेली, पाठीवर तिरपा सोनेरी उजेड, आणि समोरच्या ढिगात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बुडालेले. बोलणं शेजारणीशी, लक्ष गोठ्यातल्या कालवडीकडे, आणि हात मात्र कुणाचं न ऐकता आपापलं काम करत राहिलेले. तिची आठवण आली की मला आधी चेहरा दिसत नाही, हातच दिसतात.

अक्का माझी थोरली जाऊ. निरगुडसरला आमची घरं दोन, पण मधली भिंत एकच, माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली की पलीकडून ती विचारायची, "काय गं नंदा, डाळ का?" मी मंचरच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून गावाने मला उगाच शहाणी ठरवून टाकलं आहे, अक्का त्यातली नव्हती. ती मला बिनदिक्कत वेडी म्हणायची, आणि तिच्या तोंडून ते ऐकताना मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. गव्हाळ, भरलेले, घट्ट हात होते तिचे. कुणी दुःखाचं काही सांगू लागलं की उजव्या तळव्याने ती डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश कुरवाळत बसायची. सांगणाऱ्याच्या वेदनेला जणू आपल्याच कातडीवर जागा करून द्यायची. मध्येच बांगड्या किणकिणायच्या, तेवढाच तिचा हुंकार.

आमचे थोरले, म्हणजे अक्काचे मालक, यांना सगळे दादा म्हणतात. दादांचं तारुण्य मळणीयंत्रावर गेलं. यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची जी सवय जडली ती जडलीच, आणि त्याच घरघरीने कानही निकामी केले. दादा कुजबुजले तरी कळंबपर्यंत बातमी जाते, असं आमचे हे चेष्टेने म्हणतात. उंचपुरा देह, लाल डोळे, झुपकेदार मिशा. अनोळखी माणूस बिचकलाच पाहिजे. पण ऐन थंडीत अक्काला गार पाण्यात हात घालू न देता परातभर भांडी घासणारा हा माणूस. बायकोवर हात उचलणं सोडाच, मांजरीच्या पिल्लांवर पाय पडेल म्हणून दादा दिवसाढवळ्या बॅटरी लावून कोठीत शिरायचे. हे आम्हाला घरच्यांना ठाऊक होतं. आळीला ठाऊक होता तो फक्त आवाज.

एका दसऱ्याच्या सुमाराला अक्काच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं, मनगटातून तार घालून हृदयाच्या बुजत आलेल्या शिरेत बारीकशी जाळी बसवली, आणि ती हसत घरी आली. "आता माझ्या काळजात बी लोखंड हाय," असं ती भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायची. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून बजावलं होतं: शरीराला ही जाळी परकी वाटते, रक्त तिच्याभोवती साकळायला बघतं, म्हणून या दोन गोळ्यांनी ते पातळ ठेवायचं, वर्षभर तरी एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही, आणि मला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून त्या बंद करायच्या नाहीत. दादांनी ही आज्ञा शिरोधार्य मानली. दिवेलागणीला गोठ्यातूनच त्यांची आरोळी उठायची, "गोळी घेतली का न्हाई? आं? घेतली का?" आतून अक्का काहीतरी म्हणायची, ते त्यांना ऐकू जायचं नाही, मग ते दुप्पट आवाजात विचारायचे. त्या ओरडण्यात केवढी धास्ती भरलेली होती! पण रस्त्यावरून जाणाऱ्याला शब्द कळायचे नाहीत, नुसता संताप ऐकू यायचा.

हेमंत आला, उसाच्या पाचटावर दव साचू लागलं, आणि अक्काच्या हातांवर निळाई उतरली. दाराची कडी जरा लागली, कालवडीने दावं ओढलं, घमेलं उचलताना काठ टेकला, एवढ्यानेच कातडीखाली जांभळाएवढा डाग उमटायचा. मग तो पसरायचा, हिरवट व्हायचा, कडेने पिवळा पडायचा, आणि तो विरतो न विरतो तोच शेजारी दुसरा उगवायचा. आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रक्त पातळ झाल्यावर असे डाग येतात, काळजी नको, गोळ्या चालूच ठेवा. अक्कानेही ते सहज घेतलं. तिला डागांचं काही नव्हतं. दुखत नाहीत, मग राहू देत बापडे, असं तिचं म्हणणं.

दुखले ते लोकांचे डोळे. डेअरीवर दूध घालताना बायका तिच्या हातांकडे पाहायच्या आणि पाहिलं नाही असं दाखवायच्या. संध्याकाळचा आवाज आणि सकाळचे डाग, दोन्हींची सांगड घालायला आळीला फारसा वेळ लागला नाही. दादा डेअरीच्या ओट्यावर येऊन बसले की चाललेल्या गप्पा थांबू लागल्या. त्यांना वाटायचं, आपल्याला ऐकू येईनासं झालंय. मला याचा राग यायचा, अजून येतो. भांडायचं म्हटलं तर भांडायला कुणी समोर येत नव्हतं.

माघात अक्काच्या मुलाचं, आमच्या संतोषचं, लग्न कळंबच्या मुलीशी ठरलं. साखरपुड्याला ओटी भरताना अक्काचा पदर सरकला आणि दंडावरचा ताजा, काळाभोर डाग उघडा पडला. मुलीच्या मावशीने तो पाहिला. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "ताई, रागावू नका, पोरीची जात हाय म्हणून इचारते. या घरात हात उचलत्यात का हो?" मी तिला सगळं सांगितलं, जाळीचं, गोळ्यांचं, डॉक्टरांचं. तिने मान डोलावली. ती मान ऐकून घेतल्याची होती, पटल्याची नव्हती. आणि मी वळले तर मागे चहाचा ट्रे घेऊन अक्का उभी होती.

त्यानंतर एकदा तिने माझ्याकडे लांब बाह्यांचा ब्लाउज मागितला आणि फाल्गुनाच्या तापत्या दुपारीही तो अंगावरून काढला नाही. पण वरमाईचे हात झाकून कसे राहायचे? हळद लागणार, चुडा भरला जाणार, पाहुण्या बायका हातात हात घेऊन बसणार. ती विचारात पडलेली दिसायची. लग्नाच्या घाईने असं होतं, असं मला वाटलं.

चैत्र सरता सरता तिचे हात निवळू लागले. निळाई हिरवी झाली, हिरवी पिवळी झाली, पिवळीही गव्हाळ रंगात मुरून गेली आणि तिच्या जागी नवा डाग काही उमटला नाही. गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी तळ दिसावा, तसे हात पुन्हा स्वच्छ दिसू लागले. आम्ही सगळे खूश झालो. शरीराला औषध मानवलं, असं एकमेकांना सांगितलं. दादा रोज विचारतच होते, आणि ती रोज "घेतली, घेतली!" असं पूर्वीपेक्षा मोठ्याने सांगत होती. अख्ख्या आयुष्यात ती त्यांच्याशी खोटं बोलली असेल तर एवढंच.

वैशाखात लग्न लागलं. आदल्या दिवशी कासारीण मांडवात बसली आणि अक्काचा हात दाबून, चोळून तिने एकेक हिरवी बांगडी चढवली. एरवी तेवढ्या दाबाने मनगट काळंनिळं झालं असतं, त्या दिवशी नुसतं गुलाबी झालं आणि पाहता पाहता पूर्ववत झालं. हळदीला मुलीची मावशी आली, अक्काच्या शेजारी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि मोकळेपणाने हसली. अक्काने तेव्हा लांब पुरुषांच्या घोळक्यात कुणावर तरी प्रेमाने खेकसणाऱ्या दादांकडे पाहिलं. मी तिला इतकी सुंदर कधीच पाहिली नव्हती. पिवळ्या हळदीत, हिरव्या चुड्यात, कपाळावरच्या घामासकट ती एखाद्या मोठ्या संकटातून कुटुंबाला पार करून आणल्यासारखी निवांत बसली होती.

सत्यनारायणाच्या दिवशी प्रसादाचा रवा भाजता भाजता ती खाली बसली. तोंडातून शब्द नाही, कपाळ गार. जीप काढली, संतोष चालवत होता, दादा त्याच्या शेजारी, मागे तिचं डोकं माझ्या मांडीवर. मंचरच्या रस्त्याला लागल्यावर तिने माझा पदर ओढला आणि कानाशी म्हणाली, "नंदा, गोळ्या मी बंद केल्या व्हत्या गं. डाग जाईपतुर म्हणलं. पाव्हणं गेलं की परत सुरू करणार व्हते." मी म्हटलं, "अक्का, कशासाठी हो?" ती म्हणाली, "ह्यांच्याकडं लोक कसं बघायचे, तुला न्हाई का दिसलं? लई भोळा माणूस गं. त्यांना यातलं काय सांगू नको." पुढे दादा, गाडी जोरात हाण म्हणून, संतोषवर ओरडत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत ती आमच्यात राहिली नव्हती.

शेवटची आंघोळ आम्ही बायकांनीच घातली. डेअरीवरच्याही सगळ्या आल्या होत्या. पाणी ओतताना मी तिचे हात पाहिले. कुठे ठिपका नाही, ओरखडा नाही, नव्या नवरीसारखे नितळ. एकजण डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सवाष्ण गेली, बाईनं अखेर सोनं केलं." मला तिथेच मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पाणी ओतत राहिले.

मागाहून तिच्या डब्यात न घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सापडली. लग्नाच्या गडबडीत गोळ्या राहून गेल्या, असं सगळ्यांनी धरलं. दादांनी धरलं नाही. ज्येष्ठ लागला, उकाडा होता, आभाळ भरून यायचं आणि तसंच पुढे भीमाशंकराकडे निघून जायचं. अशा एका दुपारी ते माझ्या उंबऱ्याशी येऊन बसले. "नंदाबाई," ते म्हणाले, "ती इसरणारी न्हवती. मी रोज इचारायचो, ती घेतली म्हणायची. मग माझ्याशी खोटं का बोलली? मला कटाळली व्हती का? जगायला कटाळली व्हती का? तेवढं सांगा." यातलं काही सांगू नको, असं अक्काने मला बजावलं होतं. पण ती आपल्याला विटून गेली या समजुतीत हा माणूस उरलेलं आयुष्य काढणार, हे मला सोसवेना. मी सांगितलं. मावशीचं सांगितलं, आळीचं सांगितलं, डागांचं सांगितलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मला ते मोठ्याने सांगावं लागलं, आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता इतका हळू आवाज आला. "म्हणू द्यायचं व्हतं की लोकांना. बायकोला मारतो म्हणले असते, दुसरं काय? मी मान खाली घालून ऐकलं असतं. ती तर घरात असती."

अक्काला जाऊन आता काही ऋतू उलटले, आळीही विसरत चालली आहे, आणि दिवसांनी तिच्यावर आपली माती सावकाश ओढायला सुरुवात केली आहे. पण त्या दुपारचं ते वाक्य अजून आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीशी थांबलेलं असतं. मला ते रोज ऐकू येतं, आणि माणूस नसणं म्हणजे काय ते मला आता एवढंच समजतं की जी ते ऐकून जगली असती, तिच्यापर्यंत ते आता कुणाच्याही आवाजात पोचत नाही.