हात खाली तर पुढे

उस्तादचा डावा हात हे त्या गॅरेजमधलं सगळ्यात महागडं यंत्र आहे, असं गिऱ्हाईकं म्हणायची आणि उस्ताद ते कधी नाकारायचा नाही. नम्रपणाची त्याला तशीही फारशी सवय नव्हती.

काम असं चालायचं. कुणीतरी आपली जुनी जपानी गाडी घेऊन यायचं. दोन दारांची, नाक जमिनीला टेकेल इतकी बुटकी, बायकोमुलांपेक्षा जास्त जपलेली. कंपनीनं दिलेल्या ताकदीवर मालकाचं भागत नसायचं. मग इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर, रुंद सायलेन्सर, असलं सगळं बाहेरचं सामान बसवायचं. पण सामान बसवलं की झालं, असं ज्याला वाटतं तो उंटावरचा शहाणा. नव्या सामानाला सोसेल अशा बेतानं इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची, ते लॅपटॉपवरून ठरवावं लागतं. ठिणगी जितकी लवकर, तितकी ताकद जास्त. पण प्रमाणाबाहेर लवकर पडली की आतलं पेट्रोल भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे बसायला लागतात. याला नॉकिंग म्हणतात, आणि ते पाच सेकंद जरी चालू दिलं तरी इंजिनाचे बारा वाजतात.

सायलेन्सरच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात हे हातोडे साध्या माणसाला ऐकू येत नाहीत. म्हणून उस्ताद तांब्याची एक नळी इंजिनाच्या अंगाला आवळायचा, नळीला रबरी पाइप, आणि पाइपचं दुसरं टोक कानावरच्या जाड टोप्यांत. गाडी रोलरवर चढवलेली, जागच्या जागी धावणारी. आत स्टिअरिंगमागे त्याची लेक, शेजारच्या सीटवर लॅपटॉप. पोरीचं नाव कागदोपत्री वेगळं होतं, पण लहानपणापासून सगळे तिला ठकी म्हणायचे आणि सव्विसाव्या वर्षीही तिची त्यातून सुटका झाली नव्हती. ठकी ठिणगी एक अंश अलीकडे आणायची, गाडी पळवायची आणि काचेतून बापाच्या डाव्या हाताकडे बघायची. हात खाली तर पुढे. हात वर तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि दोन अंश मागे यायचं. गॅरेजचा कायदा एवढाच होता. गाडीत कंपनीचा नॉकिंग ओळखणारा सेन्सर असायचा, पण असल्या सामानाच्या खडखडाटाला तो उगाच बोंब मारतो म्हणून उस्ताद त्याला घाबरट जावई म्हणायचा आणि ठकीलाही त्याच्याकडे बघू द्यायचा नाही.

आता खरी गोष्ट. उस्तादला दीड वर्षापासून नीट ऐकू येत नव्हतं.

आधी त्याच्या स्वतःच्या व्हॅनचा इंडिकेटर टिकटिक करेनासा झाला. दिवा लागायचा, पण आवाज नाही. त्यानं टिकटिक करणारा रिले बदलला. तरी नाही. दुसरा बदलला, तिसऱ्या दुकानातून आणून तिसरा बदलला आणि दुकानदाराला भिकार माल ठेवतोस म्हणून झापून आला. मग एक दिवस ठकी शेजारी बसलेली असताना ती म्हणाली, "बाबा, वळून झालं. इंडिकेटर बंद करा, किती वेळ वाजतोय." उस्तादनं इंडिकेटर बंद केला आणि चौथा रिले काही आणला नाही.

घरी कुणाला पत्ता लागला नाही, कारण हा माणूस आपलं काही ऐकत नाही अशी बायकोची तीस वर्षांची तक्रारच होती. फरक पडायला आधी काही असावं लागतं.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या बाईंनी त्याच्या हातात बटण दिलं. शिटी ऐकू आली की दाबा, म्हणाल्या. काचेपलीकडे बाईंचं मनगट जरासं हललं की शिटी सुटते, हे उस्तादच्या दोन मिनिटांत ध्यानात आलं. मग तो मनगट बघून बटण दाबत राहिला. बाईंनी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली आणि पुन्हा सुरुवात केली, तेव्हा त्याची बोटं बटणावर नुसती बसून राहिली. बारीक, उंच आवाज गेलेत, त्या म्हणाल्या, ते परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं कळेल. उस्तादनं विचारलं, "इंजिन?" बाईंना प्रश्नच कळला नाही. नॉकिंग नेमकं त्याच बारीक आवाजांत राहतं, हे त्यांना कुणी सांगायचं?

शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी लेकीला समोर बसवलं असतं. उस्तादनं रिपोर्टची चौघडी करून ती पान्यांच्या ट्रॉलीत सगळ्यात खालच्या खणात टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. या हातासाठी लोक दोन-दोन महिने थांबत होते. तो हात खोटा आहे म्हटल्यावर मग त्याच्याकडे उरलं काय? नट-बोल्ट तर कुणीही आवळतो. याची त्याला खरोखर भीती वाटत होती, मरणापेक्षा जास्त.

आणि त्याला वाट सापडली. काचेतून ठकीचा चेहरा दिसायचा. काही बिनसायला लागलं की तिची डावी भुवई जराशी वर जायची. पोरगी नको म्हटलं तरी लॅपटॉपवरच्या सेन्सरच्या रेघेकडे बघते, हे त्यानं ताडलं. तिची भुवई हलली की त्याचा हात वर. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. दातांच्या डॉक्टरची लाल गाडी झाली, बेकरीवाल्याची पांढरी झाली. डॉक्टर त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आपण दोघं एकाच धंद्यातले, उस्ताद. ठणका कुठे आहे ते शोधायचं." उस्ताद मोठ्यानं हसला आणि शेजारी ठकीही हसली.

मग ठकीच्या स्वतःच्या गाडीची पाळी आली.

ती तिनं तीन वर्षांपूर्वी अपघातातल्या गाड्यांच्या ढिगातून उचलून आणली होती. सहा सिलिंडर, दोन दारं, पुढचं डावं मडगार्ड कागदासारखं चुरगळलेलं. रविवार, सुट्ट्या, मैत्रिणींची लग्नं, सगळं तिनं त्या गाडीत घातलं. मडगार्ड स्वतः सरळ केलं. इंजिन खोललं, धुतलं, पिस्टन जुनेच पण मापात होते म्हणून तेच ठेवले. एकेका महिन्याच्या पगारातून एकेक वस्तू आली: इंजेक्टर, पंप, हवा थंड करणारी जाळी आणि शेवटी टर्बो. टर्बोचं खोकं आलं त्या दिवशी ती ते मांडीवर घेऊन जेवायला बसली होती आणि आईनं दोघा बापलेकींना मिळून शिव्या घातल्या होत्या. डोंगराच्या वळणांवर घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात, त्या शर्यतीत तिनं नाव घातलं होतं. पुढच्या रविवारी. जन्मात पहिल्यांदाच.

मंगळवारी सकाळी गाडी रोलरवर चढली. उस्तादनं नळी आवळली, टोप्या कानावर घेतल्या. ठकी आत बसली नाही. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, नीट ऐकू येतंय ना?"

"न यायला काय झालं?"

"नाही, नळी सैल असेल म्हणून विचारलं."

"चाळीस वर्षं आवळतोय नळी. बस आत."

ती बसली. पहिली फेरी, दुसरी फेरी. टोप्यांत उस्तादला नुसता समुद्रासारखा घुमणारा आवाज येत होता. त्याचं सगळं लक्ष काचेवर होतं. ठकीचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. भुवई जागच्या जागी. चौथ्या फेरीनंतर तिनं गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"बाबा, स्वच्छ आहे?"

"एकदम स्वच्छ."

"नक्की ना? पुढे जाऊ?"

आता हे लिहितानाही वाटतं, त्या क्षणी त्यानं टोप्या काढायला हव्या होत्या. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. त्याच्या ओठांपर्यंत ते आलेही असावेत, कारण त्यानं तोंड उघडलं. पण ती शांत दिसत होती आणि ती शांत आहे म्हणजे इंजिनही शांत असणार, असा हिशेब त्यानं केला. "जा पुढे," तो म्हणाला. हात खाली.

पाचवी फेरी. सहावीला काटा वर चढताना सायलेन्सरमधून एकदम निळा धूर आला आणि गाडी धडधडत लंगडायला लागली. हा आवाज मात्र उस्तादलाही ऐकू आला, कारण तो कानाला नव्हे, पायाखालच्या जमिनीला कळतो. ठकीनं चावी फिरवली. रोलर बराच वेळ रिकामे फिरत राहिले. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. रडली मात्र नाही.

"पेट्रोल," उस्ताद म्हणाला. "हल्ली पेट्रोलात काय मिसळतात देव जाणे."

चार दिवस ती काही बोलली नाही. गिऱ्हाइकांशी बोलायची, आईशी बोलायची. बापाला चहा आणून द्यायची आणि जायची. मधल्या वेळेत तिनं एकटीनं इंजिन उतरवलं. उस्ताद दोनदा मदतीला गेला, तेव्हा तिनं शांतपणे पाना त्याच्या हातातून काढून घेतला. रविवारी शर्यत झाली. त्या सकाळी ती नेहमीच्या वेळी गॅरेजमध्ये आली आणि इंजिनाचं डोकं उघडत बसली.

दुपारी उस्ताद आला तेव्हा तीन नंबरचा पिस्टन बाकावर फडक्यावर ठेवलेला होता. कड तुटून गेलेली, वरचा भाग वाळूनं खरवडल्यासारखा. असे पिस्टन उस्तादनं आयुष्यात ढिगानं पाहिले होते, दुसऱ्यांच्या गॅरेजमधून आलेले, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, ज्यानं हे केलं त्याच्या कानात बोळे होते काय?

"पेट्रोलच," तो म्हणाला.

"पेट्रोल मी भरलं होतं. डॉक्टरांच्या गाडीत घालतो तेच."

नाचता येईना अंगण वाकडं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं, तो पुढे बोलला. आणि जे बोलला ते त्याला मरेपर्यंत पुरेल.

"तुला सेन्सरवर दिसलं असेल ना? मग पाय का नाही काढलास? वर्षभर शिकलीस काय?"

ठकीनं फडक्याला हात पुसले. मग केस मागे घेऊन कान दाखवला आणि खिशातून एक बारीक वायर काढून पिस्टनशेजारी ठेवली. एका टोकाला इअरफोन होता, दुसऱ्या टोकाला बटणाएवढा मायक्रोफोन.

"हा मी इंजिनाच्या मागच्या बाजूला चिकटवते. वर्षभर. खालच्या खणात दहाचा पाना शोधताना तुमचा रिपोर्ट सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

उस्तादनं वायर उचलून उलटीसुलटी पाहिली.

"मला ऐकू येतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत. डब्यात चार खडे हलवल्यासारखं वाजतं. वाजलं की मी भुवई वर करायचे, म्हणजे तुम्ही हात वर कराल. लोकांसमोर तुमच्या हाताचा मान राहावा म्हणून."

"डॉक्टरची गाडी?" त्यानं विचारलं.

"मी केली."

"बेकरीवाल्याची?"

"तीही."

आणखी पाचसहा गाड्या होत्या. त्यांच्याबद्दल विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

"आणि मंगळवारी?" तो म्हणाला. "मंगळवारी तुला ऐकू आलं होतं?"

"चौथ्या फेरीत पहिल्यांदा वाजलं. म्हणून तर काच खाली करून विचारलं. पाचवीत सबंध चढणभर वाजत होतं. मी तुमच्या हाताकडे बघत होते."

"अगं, मग थांबायचंस! तीन वर्षांची मेहनत तुझी!"

ठकी वळली. पिस्टन फडक्यात गुंडाळता गुंडाळता ती काहीतरी म्हणाली. तिची पाठ होती. उस्तादला तिचे खांदे हललेले दिसले आणि घुमल्यासारखं, अर्धवट असं काहीतरी कानावर आलं, त्यातला एक शब्दही लागला नाही. नेहमीच्या सवयीनं तो हं म्हणणार होता. वर्षभर तो असाच हं म्हणत आला होता.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

ती फिरली. डोळे लाल होते. त्याच्या अगदी जवळ येऊन, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून ती ओरडली, "म्हटलं, लोकांच्या गाड्यांबद्दल खोटं बोललात! माझ्या गाडीबद्दल तरी खरं सांगाल, असं वाटलं होतं!"

एवढ्या मोठ्या आवाजात ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून दारापर्यंत आला, त्यानं दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेला.