घरट्याच्या खाली

ताई दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे साचे, रंगाप्रमाणे डब्यांत लावलेले दात, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवलेला एक टॅब. टॅबवर दिवसभर एकच चित्र असायचं: समुद्राकाठच्या उंच झाडावरचं समुद्रगरुडांचं घरटं. काड्याकुड्यांचा तो पसारा पलंगाएवढा रुंद होता, आणि त्याच्या मधोमध एक करडं, फिस्कारलेलं, सतत भुकेलं पिल्लू.

घरट्यावरचा कॅमेरा तिच्या धाकट्या बहिणीनंच लावला होता. लहानपणी ती कुठल्याही झाडावर सरसर चढायची, म्हणून घरात तिला खार म्हणत, आणि तेच नाव चिकटलं. पुढे तिनं तोच धंदा केला. वाळलेली, कललेली झाडं दोर लावून उतरवायची, विजेच्या तारांत शिरलेल्या फांद्या छाटायच्या. पक्षी बघणाऱ्या मंडळींचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे सर म्हणत. गरुड परत यायच्या आधी झाडावर कॅमेरा बसवून दे, अशी गळ त्यांनी खारीला घातली होती. झाड नेमकं कुठं आहे हे मात्र कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. अंडी चोरणारे असतात, फोटोसाठी फांद्या तोडणारे असतात. ताईला ते ठाऊक होतं, कारण खार तिला एकदा तिथे घेऊन गेली होती.

आईसुद्धा घरी टीव्हीवर तेच लावून बसायची. तिला दिसायचं कमी, पण कान तिखट. ती आवाज मोठा ठेवायची आणि नर आला की मादी आली हे नुसत्या ओरडण्यावरून सांगायची. ताईच्या टॅबचा आवाज मात्र बंदच असायचा. पुढच्या खोलीत पेशंट असत.

पिलाच्या पायातला तंगूस पहिल्यांदा ताईला दिसला. नरानं आणलेल्या माशाच्या तोंडातून मासेमारीचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा आला असणार. दिवसभर बारीक बघायची सवय असलेल्या तिच्या नजरेला उन्हात तो चमकताना दिसला. पिल्लू पुढे सरकू बघायचं आणि पडायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय सुजलेला दिसला. मादी मासा घेऊन काठावर उतरली, तरी ते तिच्यापर्यंत पोचेना.

ताईनं खारीला फोन केला. खारीनं एवढंच विचारलं, की एक पाय अडकलाय की दोन. मग ती म्हणाली, सरांना सांगते. एरवी पिल्लू असताना कुणी वर जायचं नाही असा नियम होता. सरांनी वनखात्याच्या साहेबांना गाठून परवानगी काढली. वारा वाढायच्या आत, सकाळीच जायचं ठरलं. ताई म्हणाली, कुणीतरी दुसरं नाही का जाणार? त्यावर खार हसली. ते झाड माझ्या ओळखीचं आहे, म्हणाली.

त्या सकाळी ताईनं एका म्हातारबुवांच्या कवळीचे दात मेणात बसवायला घेतले होते, पण हात चालेना. टॅबवर घरट्याच्या काठाशी आधी पिवळं हेल्मेट आलं, मग खारीचा चेहरा. मादी केव्हाच उडाली होती. खारीनं हळूच पिलाच्या डोक्यावर कापड टाकलं, तसं ते गप्प पडून राहिलं. मग ती पायाशी वाकली. छोट्या कात्रीनं एक वेढा कापला, दुसरा कापला. जगभरातून बघणारे लोक बाजूला भराभर लिहीत होते, शाबास, सांभाळून, किती गुणी मुलगी. ताईला अभिमान वाटत होता. शेवटचा वेढा निघाला. खारीनं कापड उचललं आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला.

तेवढ्यात चित्रावरून सावली गेली.

पंखांचा एक पांढरा-काळा झपाटा आला आणि खारीच्या खांद्यावर आदळला. चित्र हादरलं, कलंडलं. खारीचा हात फांदीकडे गेलेला दिसला, ती फांदी खाली जाताना दिसली, आणि मग काहीच नाही. पडद्यावर उरलं ते वाकडं घरटं, त्याचा एक काठ आणि बाकी सगळं आभाळ.

ताईच्या हातातली मेणाची सुरी खाली पडली. तिनं आवाज वाढवला, पण पुढच्या खोलीतल्या यंत्राच्या घरघरीत नुसता वारा ऐकू येत होता. बाजूला लोक लिहीतच होते: पडली का? कुठे आहे ती? कुणीतरी फोन करा. हजारो माणसं बघत होती, आणि त्यांतल्या कुणालाच झाड कुठे आहे ते माहीत नव्हतं.

तिनं आधी सरांना फोन लावला. ते झाडाखाली उभे असणार होते. फोन लागेना. तिथे मोबाइलला रेंज नसते, कॅमेऱ्याचं चित्र दीपगृहापर्यंत ओढलेल्या वायरीतून येतं, हे तिला आठवलं. मग तिनं फायर ब्रिगेडला लावला. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, की कोण पडलंय, कुठून पडलंय.

"तुम्ही आत्ता तिथेच आहात का?"

"नाही. मी दवाखान्यात आहे. मी बघतेय फक्त."

त्याला ही बाई चेष्टा करतेय की काय असं वाटलं असावं. तेव्हा ताईनं वाट सांगितली. दीपगृहाच्या रस्त्यानं वर, पडक्या फाटकातून आत, डावीकडे कड्याच्या बाजूला सगळ्यात उंच झाड. जे कुणाला सांगायचं नव्हतं ते तिनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. गाडी कुठवर जाते, पुढे किती चालायला लागतं, शिडी पुरणार नाही, दोरावर चढणारा माणूस आणा. बोलता बोलता तिला खारीचंच एक वाक्य आठवलं. दोराला बांधलेल्या पट्ट्यांत नुसतं लटकून राहिलं की रक्त पायात साचतं, माणूस बेशुद्ध पडतो, आणि लवकर सोडवलं नाही तर जातो. हे खारीनं कधीतरी जेवताना सहज सांगितलं होतं. ताईनं ते त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, निघालीच आहे गाडी.

यंत्र थांबलं होतं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. पुढच्या खुर्चीत पेशंट तोंड उघडं टाकून तसाच बसला होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि काही न विचारता गाडीची किल्ली घ्यायला गेल्या.

फोन वाजला. आई होती. आई बघत असणार हे तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. ती म्हणाली, आई, टीव्ही बंद कर, मी तिकडे निघालेय.

"बंद नाही करणार," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "ती बोलतेय. तुला ऐकू येत नाहीये का?"

"काय बोलतेय?"

"शिव्या देतेय. त्या पक्षिणीला. माझ्यासमोर कधी दिल्या नाहीत असल्या."

ताई खाली बसली. जिवंत होती म्हणजे. कुठेतरी फांद्यांच्या मध्ये, कॅमेऱ्याच्या नजरेच्या खाली, लटकलेली होती, पण बोलत होती. आई फोनवरून एकेक सांगत गेली. आता पाय म्हणतेय. आता सरांना काहीतरी ओरडून सांगतेय, कळत नाही. आता नुसता श्वास ऐकू येतोय. ताईनं डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसतानाही फोन कानाचा काढला नाही. टॅब मांडीवर होता, पण गाडीच्या आवाजात त्यावरचं काही ऐकू येत नव्हतं.

मग आई गप्प झाली.

ताईनं हाक मारली. आई म्हणाली, काही नाही येत आता. वारा येतोय. गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा शेजारच्या गाडीतला माणूस कुणाशी तरी हसत बोलत होता, आणि ताईला त्याचा भयंकर राग आला.

पडद्यावर मादी परत आली. घरट्याच्या वाकड्या काठावर ती उतरली आणि पिलाकडे न बघता मान वाकवून खाली बघू लागली. बघतच राहिली. ओरडली नाही, झेपावली नाही, नुसती बघत होती. ताईला वाटलं, खाली काय दिसतंय ते या पाखराला माहीत आहे आणि मला नाही. तिच्या मनात नको नको ते यायला लागलं. खार हलत असेल म्हणून ती बघतेय का? की हलायची थांबली म्हणून ओरडत नाहीये? तिनं त्या डोळ्यांत काही सापडतंय का ते शोधलं. काही सापडलं नाही.

एकाएकी मादी उडाली. फांदी जोरात हलली. आणि पडदा काळा झाला.

आई म्हणाली, गेलं. डॉक्टरीणबाईंनी गाडीचा वेग वाढवला. ताईनं टॅबवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं, हाताच्या तळव्यानं थोपटलं. काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. त्या रस्त्याचं तिला पुढे काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की आई फोनवर रडत नव्हती, आणि आई रडत नाही याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

दीपगृहाच्या रस्त्याला लागल्यावर सरांचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. खारीला खाली उतरवलंय, एवढंच त्यांनी आधी सांगितलं, आणि ताईनं गाडीची कडी घट्ट धरली. मग ते म्हणाले, शुद्धीवर आहे, बोलतेय, खांदा निखळलाय, गळ्याजवळचं हाड मोडलंय. कॅमेरा त्यांनीच खालची वायर काढून बंद केला होता. पोरीला दोरावरून उतरवताना सगळ्या जगानं बघू नये, असं त्यांना वाटलं होतं. ताईला त्यांना चार शब्द सुनवायचे होते; ती फक्त बरं म्हणाली आणि आईला सांगितलं. तेव्हा आई रडली.

हॉस्पिटलात खार पांढरीफटक पडली होती, पण चिडचिड करत होती, म्हणजे बरी होती. तिनं सांगितलं ते असं: मादीनं धडक मारल्यावर फांदी मोडली, दोरानं तिला धरलं, पण एक हात उचलत नव्हता. दुसऱ्या हातानं तिनं दोराचा फास करून त्यात पाय अडकवला आणि त्यावर भार देऊन उभी राहिली, नाहीतर शुद्ध गेली असती. सर खालून पळत रस्त्यापर्यंत गेले, तर समोरून फायर ब्रिगेडची गाडी येतच होती. त्यांना वाटलं, देवच पावला.

ताईनं विचारलं, एवढ्या शिव्या कशाला देत होतीस.

"आई बघत असणार, माहीत होतं ना," खार म्हणाली. "मी दिसणार नाही, पण ऐकू येईन. म्हणून बोलत राहिले. गाणी तर येत नाहीत मला." मग ती म्हणाली, "नंतर दमच उरला नाही. तेव्हा फार भीती वाटली गं. माझी नाही, तुम्हाला काय वाटत असेल याची."

ताईनं तिच्या केसांतली एक काडी काढली आणि नर्सला चादर मागितली.

काही दिवसांनी कॅमेरा पुन्हा सुरू झाला. पिल्लू लंगडत होतं, पण उभं राहत होतं, मासा ओढून घेत होतं. सरांनी आता झाडाकडे रोज कुणीतरी पहाऱ्याला ठेवलं, कारण वाटेची बातमी फुटली होती. आई दिवसभर टीव्हीसमोर बसून बातम्या देत राहिली: आज पंख पसरले, आज फांदीवर आलं. ताईनं मात्र टॅब घरी नेऊन कपाटात टाकला. टेबलाशी बसली, की कधी कधी उगाचच तिची छाती धडधडायची आणि दात वाकडा बसायचा. मग ती मेण तापवून पुन्हा पहिल्यापासून लावायची.

खांदा बरा झाल्यावर खार पहिल्यांदा झाडावर चढली, ती घरी न सांगता. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, आणि जेवताना म्हणाली, आज एक कडुनिंब उतरवला. ताईनं ताट तसंच ठेवलं. आई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. ताईनं विचारलं, हेल्मेट घातलं होतंस का. खार म्हणाली, घातलं होतं. दोर नवा होता का? नवा होता. खाली कोण होतं?

खार एकेक उत्तर देत राहिली, आणि ताई विचारत राहिली.