पॉलिसीवरचं दुसरं नाव

अजयला गाडी चालवता येत नव्हती. बावीस वर्षं स्टॅनमोरमध्ये काढली, रोज ज्युबिली लाइनच्या भुयारी रेल्वेने ऑफिसला गेला, पण ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झाल्यावर त्याने जो नाद सोडला तो सोडलाच. घरची निळी गाडी त्याच्या बायकोची, वैजयंतीची. ती चालवायची आणि हा शेजारी मांडीवर मिठाईचा डबा धरून बसायचा. "तू नुसता बस, ते तुला छान जमतं," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि हा आपला हसायचा.

घरातले फॉर्म मात्र सगळे अजय भरायचा. वैजयंतीने मुलीला, तनूला, वर्षभर शेजारी बसून गाडी शिकवली. तनू पास झाली, तशी ती निळी गाडी तिच्या नावावर केली, मग इन्शुरन्स शोधायला हा बसला. आकडा बघून त्याचे डोळे पांढरे झाले. दोन हजार दोनशे पौंड, तेही त्या एवढ्याशा गाडीला. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, अरे, दुसरी ड्रायव्हर म्हणून तिच्या आईचं नाव घाल, अनुभवी माणूस असला की रक्कम उतरते. घातलं, तर सातशे पौंड कमी झाले. वैजयंती केवढी खूश झाली होती. "बघ, माझं नुसतं नाव घातलं तरी फरक पडतो," म्हणाली.

फेब्रुवारीत ती गेली. आजार कळल्यापासून सहा आठवडे, बस्स.

अजयने सगळीकडे स्वतः कळवलं. कौन्सिल, बँक, डॉक्टर, पासपोर्ट, लायसन्स. कुठे अडला नाही. आणि जूनमध्ये तनूच्या गाडीची पॉलिसी रिन्यू करायची वेळ आली. स्क्रीनवर तनूचं नाव, खाली वैजयंतीचं, आणि वैजयंतीच्या नावापुढे कचऱ्याच्या डब्याचं चित्र. नाव काढायचं तर ते दाबायचं. आता ज्या कुणी ते चित्र तिथे काढलं त्याला काय कल्पना म्हणा. अजय बराच वेळ बघत बसला, आणि मग "काही बदल नाही" असं लिहून मोकळा झाला.

पैशांसाठी केलं म्हणावं, तर तेही नाही. सातशे पौंड त्याने भरले असते. पण त्या डब्यात तिला टाकणं त्याच्याच्याने होईना, आणि हे तो कुणाला सांगणार? तनूजवळ तर त्याने चकार शब्द काढला नाही.

सप्टेंबरात तनूची गाडी वेम्बलीला वाण्याच्या दुकानासमोर रिव्हर्स घेताना एका उभ्या व्हॅनला घासली. कुणाला खरचटलंही नाही. व्हॅनवाल्याने क्लेम केला, तो त्याचा हक्कच होता.

पुढच्या शनिवारी सकाळी इन्शुरन्सच्या बाईंचा फोन आला. फॉर्मवर नंबर अजयचा होता. त्याचे हात कणकेत, म्हणून तनूने फोन स्पीकरवर टाकला आणि बाजूला चहा गाळत उभी राहिली.

बाई गोड बोलत होत्या. म्हणाल्या, वैजयंतींच्या लायसन्सचा नंबर जुळत नाहीये, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का?

"ती बाहेर गेली आहे," अजय म्हणाला.

"कधी येतील परत?"

"संध्याकाळी."

तनूने गाळणं खाली ठेवलं. तिने बापाकडे पाहिलं, ओट्यावरचा फोन उचलला आणि म्हणाली, "पॉलिसी माझी आहे. माझी आई फेब्रुवारीत वारली." इतक्या महिन्यांत हे वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण पत्र यायचं ते आलंच. माहिती खोटी दिली म्हणून पॉलिसी रद्द. व्हॅनचा खर्च पदरचा. आणि यापुढे प्रत्येक फॉर्ममध्ये "पूर्वी पॉलिसी रद्द झाली आहे का?" याला तनूने "हो" लिहायचं. ते "हो" लिहून अजयने दर विचारले, तर काही कंपन्यांनी नकार दिला आणि उरलेल्यांनी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त मागितले. आईच्या हाताखाली ज्या गाडीवर शिकली, तीच विकायची पाळी पोरीवर आली.

मंगळवारी गिऱ्हाईक आलं. उंच माणूस. बसला, आणि गुडघे अडकतात म्हणून त्याने सीट मागे सरकवली. मायलेकींची उंची सारखी, त्यामुळे ती सीट आजवर कुणी हलवली नव्हती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं फाटकाशी उभी होती.

"माझ्यामुळे गेली ती," अजय म्हणाला. "चिडलीस तरी चालेल मला. गप्प नको राहूस."

"चिडले होते ना. खूप. यू लाइड, बाबा, आणि माझ्या नावावर." तनू रस्त्याकडेच बघत होती. "पण तुम्ही त्या लेडीला आई संध्याकाळी येईल म्हटलं ना. तर त्या दिवशी संध्याकाळी मी पण दाराकडे बघत बसले."