सूर्य न उगवता एकशे अठ्ठेचाळीस

मुख्याध्यापक साहेब, वायर तुटलेली तुम्हाला ठाऊक होती. तरी तीन महिने तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, तेही मुलांसमोर.

मित्रांनो, मी चंडीगडमधल्या एका शाळेच्या दारातला जुना फलक आहे. लाल दिव्यांनी आकडे दाखवणारा. गच्चीवरच्या सौर पॅनेलांनी आज किती युनिट वीज बनवली ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझा जन्म इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझा एकेक दिवा डोळे ताणून बसवला. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. उपकार मात्र लक्षात आहेत.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. सकाळी शून्य, डबा खायच्या सुट्टीत साठ-सत्तर, शाळा सुटताना शंभराच्या पुढे. विज्ञानाच्या ज्ञानदा मॅडम साताऱ्याच्या. नवऱ्याच्या मोहालीतल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. सातवीचा वर्ग माझ्यासमोर उभा करून त्या शिकवायच्या. पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते, इन्व्हर्टर तिला आपल्या पंख्यांना चालेल अशी करून देतो, आणि उरली तर ती बाहेरच्या तारांत जाते. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या उन्हावर शेजारच्या गल्लीतल्या कुणाचा तरी मिक्सर फिरत असेल. हे शेवटचं मुलांना फार आवडायचं.

मग ऑक्टोबरात एका समारंभासाठी भिंत रंगवायला काढली. रंगाऱ्याच्या शिडीने इन्व्हर्टरकडून मला आकडा आणणारी वायर तुटली आणि आकडा एकशे अठ्ठेचाळीसवर अडकला. इलेक्ट्रिशियन जसविंदर तुमच्या खोलीत येऊन सांगून गेला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अच्छा नंबर है, रहने दो."

पाहुणे आले. माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढले. मला तोंड लपवावंसं वाटत होतं, पण चार स्क्रूंनी भिंतीला जखडलेला मी कुठे जाणार?

खरी लाज पुढेच होती. मॅडमनी मुलांना प्रकल्प दिला होता, शाळा सुटताना रोज माझा आकडा टिपायचा आणि आलेख काढायचा. मुलांनी काढला. पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. मॅडमनी एकेका वहीवर लाल पेनने 'व्हेरी गुड' लिहिलं. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण नीट बघतं?

जानेवारीत सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा धुकं एवढं होतं की फाटकातून दार दिसेना. सातवीतली ओजस्विनी माझ्यासमोर वही उघडून नुसतीच उभी राहिली. तिचे बाबा सेक्टर ३२ च्या रुग्णालयात डॉक्टर. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"अगं, दिसतंय ते लिही ना. गारठलेत सगळे," मॅडम म्हणाल्या.

"मॅम, सूरज तो चार दिन से निकला ही नहीं. फिर ये एक सौ अड़तालीस किसका है?"

मागून कुणीतरी म्हणालं, धुक्याने ओव्हरटाइम केला असेल. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिची वही हातात घेतली, मागची पानं चाळली. मग लाल पेनने स्वतःच लिहिलेलं 'व्हेरी गुड' खोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गलती मेरी है. मैंने ग्राफ देखा, आसमान नहीं देखा."

त्याच दुपारी मॅडमच्या सांगण्यावरून जसविंदरने वायर जोडली. आकडा धाडकन खाली आला. नऊ. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि जसविंदर दहा मुलांना घेऊन गच्चीवर गेले. पॅनेलांवर धूळ, शेतात जाळलेल्या पराळीच्या, म्हणजे भाताच्या खुंटांच्या धुराची काजळी, कबुतरांची घाण. काच गार असतानाच धुवायची, तापल्यावर पाणी टाकलं तर ती तडकू शकते, हे मुलं तिथे शिकली. फेब्रुवारीत लख्ख ऊन पडलं आणि मी एकशे त्रेसष्ट दाखवले. खरा आकडा खोट्याच्या पुढे गेला. मुलांच्या आलेखात आता चढ आहेत, उतार आहेत, आणि मधोमध धुक्याचा खड्डा आहे. तो आलेख त्यांनी माझ्याखाली चिकटवला.

तुमचा राग त्या खड्ड्यावर. तुमच्या सहीचा कागद आला: कमी आकड्यांनी शाळेची बदनामी होते, सबब फलक सोमवारी उतरवावा. मॅडमकडूनही लेखी खुलासा मागितलात.

राग मला येतो, साहेब. पण आभार त्याहून जास्त आहेत. जसविंदरचे, मॅडमचे, आणि थंडीत लिहायला नकार देणाऱ्या त्या पोरीचे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या गच्चीवरही पॅनेल असतील तर महिन्यातून एकदा मोठ्यांना सोबत घेऊन ती पुसून काढा. आणि माझ्यासारख्याचं ऐकताना एकदा वर आभाळाकडे बघत जा.

साहेब, सोमवारी मला खुशाल उतरवा. आधी दारात येऊन सातवीसमोर उभे राहा आणि एवढंच सांगा. न उगवलेल्या सूर्याचे एकशे अठ्ठेचाळीस तुम्हाला चालले, मग धुक्यातून आलेले खरे नऊ का चालत नाहीत?